बोरूपासून स्टबपर्यंत : एका लेखणीचा शोध



या अंकात दरवर्षी मी मराठ्यांच्या इतिहासावर काही लिहितो आणि दरवर्षी कुणीतरी नमस्कार करून म्हणतं, "सर, छान होतं, पण थोडं जड होतं." यंदा हलका विषय घेतला आहे. वजनाने तर फारच हलका, एक तोळाही भरणार नाही. विषय आहे फाउंटन पेनची निब. तीही साधी नाही, 'स्टब' निब. निवृत्तीनंतरची काही वर्षं मी तिच्यामागे न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियातले जुने बाजार धुंडाळण्यात घालवली. सौभाग्यवती म्हणतात, घरात चष्मा सापडत नाही त्या माणसाला तीस हातांवरून निब दिसते. ते खरं आहे. पण हा नुसता छंद नाही, त्यामागे एक चूक आहे. माझी. ती शेवटी सांगतो.

स्टब म्हणजे काय?

आधी इथे जन्मलेल्या मुलामुलींसाठी थोडं. आपण रोज वापरतो त्या पेनचं टोक गोल असतं. त्यामुळे रेघ कुठल्याही दिशेला ओढा, सारख्याच जाडीची उमटते. स्टब निबेचं टोक गोल नसतं, ते पटाशीसारखं रुंद आणि चपटं असतं, फक्त कोपरे थोडे घासून मऊ केलेले असतात. म्हणून एका दिशेची रेघ जाड येते, दुसऱ्या दिशेची बारीक. हात दाबावा लागत नाही. अक्षराला आपोआप उठाव येतो.

हा शोध पेनच्या कंपन्यांचा नाही. रुंद टोकाची लेखणी जगभर हजारो वर्षं चालत आली आहे. युरोपात पिसाची, आपल्याकडे बोरूची. माझ्या पिढीतल्या बऱ्याच जणांनी शाळेत बोरूने कित्ता गिरवला असेल. बोरू म्हणजे गवताच्या जातीचा एक पोकळ दांडा. त्याचं टोक चाकूने तिरकं छाटायचं, मधे बारीक चीर द्यायची, दौतीत बुडवायचा आणि लिहायचं. छाट बिघडली की अक्षर बिघडलं आणि अक्षर बिघडलं की हातावर छडी.

समर्थ रामदासांनी दासबोधात लेखनक्रियेवर एक अख्खा समास लिहिला आहे, एकोणिसाव्या दशकातला पहिला. अध्यात्माच्या ग्रंथात इतकी कारकुनी माहिती पाहून मी विद्यार्थी असताना थक्क झालो होतो. अक्षर वाटोळं, सरळ, मोकळं असावं. ओळींमधलं अंतर सारखं असावं. पानाच्या चारी बाजूंनी जागा सोडावी, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागत नाही. आणि पुढे ते सांगतात, की देशोदेशीचे बोरू आणावेत, घट्ट, बारीक, सरळ, नाना रंगांचे. आमच्या घरी पेनांच्या पेटीवरून विषय निघाला की मी हा दाखला देतो. तो आजवर कधीही मान्य झालेला नाही.

मोडी, बालबोध आणि हाताचं वळण

महाराष्ट्रात लिहिण्याच्या दोन तऱ्हा होत्या. पोथ्या बालबोधेत, म्हणजे देवनागरीत, प्रत्येक अक्षर सुटं. दरबारचे आणि घरचे कागद मोडीत. मोडीत आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली हात न उचलता अक्षरं लटकवत जायची. वेग हा तिचा गुण. पुण्याच्या पेशवे दफ्तरात असे कोट्यवधी कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. तिथे रुमाल म्हणजे कागदांचं गाठोडं बांधायचं कापड. मी प्रबंधासाठी तिथे बसलो तेव्हा पहिले दोन महिने फक्त हात ओळखण्यात गेले. कागदावर लिहिणाऱ्याचं नाव बहुधा नसतं, पण वळण असतं. एकाचा बोरू रुंद छाटलेला, एकाचा बारीक, एक जण वारंवार छाटतो, दुसरा बोथट होईपर्यंत रेटतो. लेखणीची छाट हीसुद्धा साक्ष असते. हे मी पुढे चाळीस वर्षं वर्गात शिकवलं. लक्षात ठेवा, कारण याच धड्यात मी स्वतः नापास झालो आहे.

१९१७ साली मुंबई इलाख्याच्या सरकारने कारभारासाठी मोडीऐवजी बालबोध मुख्य लिपी ठरवली. मोडी लगेच संपली नाही. शाळांत ती पुढेही काही वर्षं शिकवली जात होती. माझे वडील १९१२ सालचे. ते मोडी शिकले, बालबोधही शिकले आणि सातारा जिल्ह्यात मामलेदार कचेरीत कारकून म्हणून लागले. त्यांच्या हातात बोरू होता, मग टाक आला, मग फाउंटन पेन. एका माणसाच्या आयुष्यात लेखणीच्या तीन पिढ्या.

पोलादी निबा आणि कॅम्डेन गाव

टाकाला लागणारी पोलादी निब ही इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमची देणगी. एकोणिसाव्या शतकात जोसेफ गिलट, जोसाया मेसन यांच्यासारख्या कारखानदारांनी यंत्रावर निबा कापायला सुरुवात केली आणि पिसं छाटण्याची कला हळूहळू मागे पडली. अमेरिकेत हा धंदा रुजवला रिचर्ड एस्टरब्रुक यांनी. ते मूळचे इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलचे. १८५८ साली त्यांनी न्यू जर्सीतल्या कॅम्डेनला कारखाना काढला आणि बर्मिंगहॅमहून कारागीर आणले. आपल्यापैकी कितीतरी जण फिलाडेल्फियाला जाताना बेन फ्रँकलिन पूल ओलांडतात. त्या पुलाच्या अलीकडचं गाव ते हेच कॅम्डेन. भरभराटीच्या दिवसांत एस्टरब्रुकचा कारखाना वर्षाला वीस कोटींहून अधिक निबा काढत असे.

यांतल्या काही निबा स्टब होत्या. वकील, व्यापारी, भराभर लिहिणारे लोक त्या पसंत करत. अणकुचीदार निब घाईत कागदात रुतते, शाई उडवते. स्टब रुतत नाही. 'रिलीफ' नावाची तिरक्या टोकाची निब आणि 'जॅक्सन स्टब' ही त्या काळची खपाची नावं.

फाउंटन पेन व्यवहारात आणलं ते लुइस वॉटरमन यांनी. करार सही करताना शाई सांडली आणि म्हणून त्यांनी पेन शोधलं, ही गोष्ट फार रंगवून सांगितली जाते. तिच्यावर फार विसंबू नका. १८८४ चं पेटंट मात्र पक्कं आहे. शाई बाहेर येते तेव्हा तितकीच हवा आत गेली पाहिजे, नाहीतर पेन अडतं किंवा गळतं. वॉटरमननी निबेखालच्या पट्टीत बारीक खाचा पाडून ही देवघेव साधली. निब सोन्याची असे, कारण तेव्हाच्या शाईने पोलाद गंजायचं. सोनं मऊ, म्हणून टोकाला इरिडियमच्या जातीच्या कठीण धातूचा एक थेंब जोडायचा. तो थेंब गोल घासला तर साधी निब, चपटा घासला तर स्टब.

१९२७ च्या सुमारास वॉटरमनने 'नंबर ७' नावाचं पेन काढलं. त्याच्या निबांना रंगांची नावं होती आणि ती निबेवरच कोरलेली असत. ज्या निबेवर 'ब्लू' असं कोरलंय ती स्टबच्या जातीची. कधी बाजारात असं पेन दिसलं आणि विकणाऱ्याला त्याचा अर्थ माहीत नसला, तर चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका. मला ते जमलं नाही, म्हणून माझ्याकडे ते पेन नाही.

एस्टरब्रुकने पुढे आणखी सोपं केलं. त्यांच्या पेनांची निब आट्यांवर फिरवून काढता-बसवता येई. निब खराब झाली तर दुकानात जायचं, नवी घ्यायची, पेन तेच. प्रत्येक निबेवर आकडा. २३१४ म्हणजे रिलीफ स्टब, २४४२ म्हणजे जॅक्सन स्टब, २२८४ म्हणजे सहीसाठीची रुंद स्टब. आकडा ९ ने सुरू झाला तर टोकाला कठीण धातू आहे. २ ने सुरू झाला तर पोलादाचंच टोक दुमडून केलेलं आहे, ते लवकर झिजतं. हे आकडे पाठ असले की जुन्या बाजारात निम्मं काम होतं.

स्टब गेली कुठे?

तिला कुणी एकाने मारलं नाही. एक कारण कार्बन कागद. कचेऱ्यांत एका कागदाच्या तीन प्रती हव्या झाल्या, त्यासाठी जोर देऊन लिहावं लागतं आणि त्याला खिळ्यासारखी कडक निब लागते. दुसरं कारण शाळा. मुलांना सारख्या रेघेचं, भराभर लिहायचं व्यापारी वळण शिकवलं जाऊ लागलं. तिसरं कारण सगळ्यांत मोठं. २९ ऑक्टोबर १९४५ रोजी न्यूयॉर्कच्या गिम्बल्स दुकानात मिल्टन रेनॉल्ड्सचं बॉलपेन साडेबारा डॉलरला विक्रीला आलं आणि लोकांची झुंबड उडाली. बॉलपेनच्या टोकाला गोळी असते. गोळीला दिशा नसते. जाड-बारीक हा प्रकारच संपला. एस्टरब्रुक १९६७ साली दुसऱ्या कंपनीत विलीन झाली.

आपल्याकडे ही लाट उशिरा पोचली. मुंबईत १९३१ साली दि. प. दांडेकर यांनी दांडेकर आणि कंपनी सुरू केली. 'हॉर्स ब्रँड' शाईची पूड आणि गोळ्या हा त्यांचा पहिला माल. हीच पुढे कॅम्लिन झाली आणि 'कॅमल'ची शाई घराघरात गेली. माझ्या लहानपणी दर रविवारी घरातल्या सगळ्या पेनांना अंघोळ असे. वडील पेनं उघडून कोमट पाण्यात टाकत, जुन्या धोतराच्या चिंधीने पुसत आणि ड्रॉपरने शाई भरत. माझं काम चिंधी धरण्याचं.

बाजारात कसं शोधावं

ज्यांना हा नाद लावून घ्यायचा आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी.

डेलावेअर नदीकाठच्या लँबर्टव्हिलचे जुने बाजार पहाटे गाठावेत. फिलाडेल्फियाला जानेवारीत आणि वॉशिंग्टनला ऑगस्टमध्ये पेनांचा मेळा भरतो. खिशात दहापट मोठं दाखवणारं भिंग हवं, जवाहिरे वापरतात तसं. निब समोरून आणि बाजूने पाहा. खरी स्टब समोरून सरळ कापलेली दिसते आणि बाजूने पाहिली तर बारीक थर दिसतो. गोल निब एका माणसाने तीस वर्षं एकाच कोनात धरली की तिला एका बाजूला सपाट तळवा पडतो. पुष्कळ विक्रेते तिला स्टब म्हणून खपवतात. ती स्टब नव्हे, ती त्या माणसाच्या सवयीची खूण आहे. तुमच्या हाताला ती खरखरीतच लागणार.

जुन्या पेनातली रबरी पिशवी कडक होऊन तुटलेली असते, त्याची भीती नको. ती बदलता येते. ती बसवायला लाखेचा रस लावतात. लाख आपल्या देशातल्या झाडांवरच्या किड्यांची. अमेरिकन पेनाच्या पोटातसुद्धा हिंदुस्थान आहे, हे कळलं तेव्हा मला उगाच बरं वाटलं. एबोनाइटचं पेन पाण्यात भिजत टाकू नका, काळा रंग तपकिरी होतो. सेल्युलॉइडला आगीजवळ नेऊ नका. आणि पोथीची पारंपरिक शाई, काजळी आणि डिंकाची, फाउंटन पेनात कधीही भरू नका. ती बोरूसाठी ठीक. पेनात डिंक वाळला की पेन गेलं.

माझी चूक

आता कबूल केल्याप्रमाणे.

मी १९७५ साली डॉक्टरेटसाठी अमेरिकेत आलो. वडील महिन्याला एक एरोग्राम पाठवत. निळा पातळ कागद, त्यावर इंचभरही जागा वाया न घालवता लिहिलेलं. फोन महाग होता, तेव्हा तेच आमचं बोलणं. पाऊस, भाव, कुणाचं लग्न, कुणाचं बारावं. आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच वाक्य : 'प्रकृतीस जपावे.' अकरा वर्षं, शंभराच्या वर पत्रं, एकाही पत्रात ते वाक्य चुकलं नाही. मी तेव्हा ते वाचतही नव्हतो. पत्राच्या शेवटी तिकीट असावं तसं ते असे.

१९८६ साली ते गेले. मी पोचलो तोवर सगळं उरकलं होतं. आईने निघताना त्यांचं पेन माझ्या हातात ठेवलं. काळं, जाडसर, एबोनाइटचं देशी पेन. त्यावरचं नाव घासून गेलेलं. निब साधी पोलादाची.

इथे येऊन मी त्याने लिहायला बसलो. कागदावर ते करकरलं. इंग्रजी तर धड उमटेचना. पुढच्या वर्षी एका दुरुस्तीच्या दुकानात ते दिलं आणि सांगितलं, 'खरखरतं आहे, गुळगुळीत करून द्या.' त्यांनी मी सांगितलं तेच केलं. टोक घासून छान गोल करून दिलं. पेन लोण्यासारखं चालू लागलं. मी खूश होऊन बक्षिशीही दिली.

मग बरीच वर्षं गेली. निवृत्त झाल्यावर नातीसाठी आजोबांची पत्रं स्वच्छ अक्षरात उतरवून ठेवावीत म्हणून मी ती पेटी काढली. पहिल्यांदा ती पत्रं मी मुलगा म्हणून न वाचता कागद म्हणून पाहिली. भिंग लावून, जशी दफ्तरातली पाहायचो तशी. अक्षर बोरूचं होतं! पेनने लिहिलेलं, पण बोरूच्या वळणाचं. रेघ जाड-बारीक, जाड-बारीक. माझ्याजवळचं त्यांचं पेन काढलं, शाई भरली, लिहून पाहिलं. सगळ्या रेघा सारख्या. निर्जीव.

मला वाटलं, वडिलांचं पेन मूळचं स्टब असणार आणि ते मी घालवलं. मग तशी दुसरी निब शोधू. इथून हा शोध सुरू झाला. एस्टरब्रुकच्या तिन्ही आकड्यांच्या निबा आणल्या. इंग्लंडहून दोन पेनं मागवली. प्रत्येक निबेने मी एकच वाक्य लिहायचो, 'प्रकृतीस जपावे.' आणि प्रत्येक वेळी काहीतरी चुकायचं. सुंदर दिसायचं, पण वडिलांचं दिसायचं नाही. 'प्र' तर भलताच. प्र च्या पोटातली तिरकी रेघ, रकाराची, वडिलांच्या अक्षरात ठसठशीत जाड होती. माझ्या हातून ती केसासारखी बारीक यायची.

शेवटी फिलाडेल्फियाच्या मेळ्यात एका निब घासणाऱ्या कारागिराकडे रांग लावली. हे लोक छोटं दगडी चाक घेऊन बसतात आणि तुमचा हात पाहून निब घासून देतात. त्याला मराठीचं एक अक्षर येत नव्हतं. मी एरोग्राम पुढे केला. त्याने भिंगातून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "तुमचे वडील डावखुरे होते का?"

मी म्हटलं, नाही.

"मग त्यांनी निब उलट्या बाजूने छाटली होती. अशी निब कुठली कंपनी विकत नव्हती. ही हाताने केलेली आहे."

मेळ्याच्या त्या गर्दीत मला आमच्या स्वयंपाकघरातली सहाण दिसली. रविवारची सकाळ. पेनांची अंघोळ झाली की वडील सहाण उपडी करत, तिच्या पाठीवर पाण्याचे चार थेंब टाकत आणि निब धरून हळूहळू घासत. तिरकी, एकाच दिशेने. मधेच कागदावर एक रेघ ओढून बघत, पुन्हा घासत. मी चिंधी धरून समोर बसलेला. मला वाटायचं, ते निब स्वच्छ करताहेत.

ते बोरू छाटत होते. बोरू गेला, टाक गेला, तरी त्यांच्या हाताने छाट सोडली नव्हती. पोलादाच्या निबेला त्यांनी बोरू केलं होतं. आणि तीस-चाळीस वर्षं जपलेली ती छाट मी काही डॉलर देऊन पुसून टाकली होती. अनोळखी कारकुनांच्या लेखणीची छाट ओळखणारा मी. दुकानदाराचा यात काही दोष नाही. गुळगुळीत करा म्हणून मीच सांगितलं होतं.

उलटी छाट

आता त्या 'उलट्या बाजू'चं स्पष्टीकरण. हे घरी करून पाहता येईल. कुठलंही छापील इंग्रजी पुस्तक घ्या, रोमन वळणाच्या टाइपातलं. मोठा 'एक्स' पाहा. डावीकडून वरून उजवीकडे खाली उतरणारी रेघ जाड असते आणि दुसरी बारीक. मोठ्या 'ए'चा डावा पाय बारीक, उजवा जाड. कारण रोमन अक्षरं ज्या रुंद लेखणीतून घडली, तिची धार त्या कोनात धरली जायची. आता घरातली एखादी जुनी पोथी किंवा निर्णयसागर छापखान्याचं पुस्तक उघडा. 'प्र' मधली रकाराची रेघ उजवीकडून वरून डावीकडे खाली येते आणि ती जाड असते. शब्दाच्या शेवटी अक्षराचा पाय मोडलेला असेल, तर ती छोटी रेघ उलट दिशेला जाते आणि ती बारीक असते. म्हणजे रोमनमध्ये जी दिशा जाड, ती आपल्याकडे बारीक. बोरूची छाट इंग्रजी लेखणीच्या उलटी. छापखान्याच्या टाइपांनीही हेच वळण उचललं, म्हणून बोरू पाहिलेला नसतानाही आपल्या डोळ्यांना ते ओळखीचं वाटतं.

इतक्या वर्षांत हे माझ्या ध्यानात का आलं नव्हतं? कारण आपल्याच लिपीकडे आपण वाचण्यापुरतं पाहतो. मी मिळवलेल्या सगळ्या स्टब निबा उत्तम होत्या, पण त्या इंग्रजीसाठी घडलेल्या होत्या. कॅम्डेनच्या कारागिरांनी साताऱ्याच्या कारकुनाचा विचार कशाला करावा? त्या निबेने मराठी लिहिता येतं, गोडही दिसतं, पण ते मराठी थोडं इंग्रजी उच्चारात बोलतं. आपल्यापैकी बऱ्याच जणांसारखं. त्यात वाईट काही नाही. फक्त ते आहे हे माहीत असावं.

त्या कारागिराने मला एका एस्टरब्रुक निबेला उलटी छाट देऊन दिली. पैसे घेतले, पण एरोग्रामचा फोटोही मागितला. म्हणाला, असं पूर्वी केलं नव्हतं. त्याच टेबलावर उभं राहून मी लिहिलं, 'प्रकृतीस जपावे.' रकार जाड आला. अक्षर वडिलांचं आलं नाही, ते येणारही नाही. पण लेखणी त्यांची ओळखीची झाली.

शेवटचं

माझी नात तेरा वर्षांची आहे. मराठी बोलते, वाचते अडखळत, लिहीत जवळजवळ नाहीच. फोनवर ती मराठी टाइप करते तेव्हा अक्षरं तयार येतात. संगणकावरचा 'मंगल' हा फॉन्ट र. कृ. जोशी यांनी घडवला. ते मोठे सुलेखनकार होते, म्हणजे त्या तयार अक्षरांमागेही एक हात आहेच. तिला मी हे सांगितलं आणि उलट्या छाटेचं पेन दिलं. तिने आधी स्वतःचं नाव लिहिलं, मग 'प्र' लिहिला आणि विचारलं, "आजोबा, ही रेघ आपोआप जाड आली की मी केली?" मी उत्तर दिलं नाही. अजून विचार करतो आहे.

तुमच्या घरी एखाद्या खणात वडिलांचं, आजोबांचं, आजीचं पेन पडलेलं असेल. ते खरखरत असेल. दिवाळीच्या साफसफाईत ते बाहेर येईल. माझी विनंती इतकीच, की ते लगेच दुरुस्तीला देऊ नका आणि निबेला हात लावू नका. आधी भिंगातून पाहा. त्या माणसाचं एखादं पत्र काढून शेजारी ठेवा. एका चिठ्ठीवर नाव, गाव, साल लिहून पेनाला बांधा. शाई अडत असेल तर फक्त कोमट पाणी. ती खरखर तुमच्या हाताला लागते, कारण तिथे दुसऱ्याचा हात आहे.

आणि कुणाला ती उलट्या छाटेची निब चालवून पाहायची असेल, तर मंडळाच्या दिवाळी फराळाला मी ती घेऊन येईन. दौतही आणीन. मुलांनी यावं, आणि ज्यांच्या हातून पंचवीस वर्षांत मराठीचं एक पत्र गेलेलं नाही, त्या त्यांच्या आईबापांनी तर नक्की यावं.

दिवाळीच्या शुभेच्छा. प्रकृतीस जपावे.